ओल्या फरशीची पाटी

हेवर्ड पार्डी आमच्या शाळेचा झाडूवाला. कागदावर त्याच्या हुद्द्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण बॉयलर पेटवणं, पायऱ्यांवरचा बर्फ काढणं, तुंबलेले नळ, लहान पोरांच्या उलट्या, सगळं तोच बघतो. मी वर्ना. ऑफिसात बसते, सत्तावीस वर्षं झाली. मुलं एक्केचाळीस, शिक्षक पाच आणि मुख्याध्यापक एक. तो दर दोन वर्षांनी बदलतो, त्यामुळे त्याचं नाव लक्षात ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही. शाळा चालते ती हेवर्ड आणि माझ्या जिवावर, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या या ड्रोक हार्बरला रस्ता नाही. फेरीबोट येते आठवड्यातून तीनदा, तीसुद्धा धुकं नसेल तर. हेवर्ड इथलाच. वयाच्या तेराव्या वर्षापासून बापाबरोबर कॉड मासा पकडायला जायचा. ब्याण्णव साली सरकारने कॉड पकडायला बंदी घातली आणि अख्खं गाव एका दिवसात रिकामटेकडं झालं. मग सरकारनेच आम्हाला 'नव्या आयुष्याची तयारी' नावाच्या वर्गाला बसवलं. तिथे नोकरीच्या अर्जात आपला अनुभव लिहायचा होता. हेवर्डने लिहिलं, "समुद्रात गेलो. परत आलो." शिकवणारी बाई म्हणाली, आणखी काही लिहा. तो म्हणाला, "मॅडम, दुसरं वाक्य आमच्यातल्या सगळ्यांना लिहिता येत नाही."

त्याच्या थोरल्या भावाला, ल्यूला, नव्हतं लिहिता आलं. ल्यू बुडाला तेव्हा हेवर्ड चौदाचा होता. पाद्री बोटीने आले, दारात उभे राहिले आणि त्याच्या आईला विचारलं, "कशा आहात?" ती म्हणाली, "झकास. आत या, चहा टाकते." ही गोष्ट गावात आजही सांगतात, अभिमानाने सांगतात. आमच्याकडे 'कसं काय' या प्रश्नाला उत्तर एकच. छप्पर उडालेलं असो, नवरा पळालेला असो, डॉक्टरने हात टेकलेले असोत, म्हणायचं झकास. मी स्वतः गर्भाशय काढून टाकल्यावर शुद्धीत येता येता नर्सला झकास म्हटलं होतं.

हेवर्डची एकुलती एक मुलगी लॉरेन. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये कॅन्सरने गेली. तिचा नवरा तिकडे आल्बर्टात तेलाच्या खाणीवर. वीस दिवस काम, आठ दिवस सुट्टी. ते आठ दिवस आधी इथे जायचे, मग निम्मे इथे, आणि मग कुठे जायला लागले ते विचारायची सोय राहिली नाही. त्यांची पोरगी केंड्रा, तेरा वर्षांची, आजोबाकडे राहायला आली. ती त्याला पॉप म्हणते. घरात दोघंच. सकाळी टोटन, म्हणजे पावाच्या पिठाचे गोळे, तळायचे, काकवीत बुडवून खायचे आणि शाळेत यायचं. पोरगी शहाणी, वेळेवर येणारी, कधी तक्रार नाही. बोलणं मात्र हळूहळू इतकं कमी झालं की आम्हाला ते कमी झालेलं कळायलाच वर्ष गेलं.

एके दिवशी हेवर्ड माझ्या काउंटरशी आला. हातात मॉप.

"वर्ना, पोरीच्या डोळ्यांना काय झालंय गं?"

"काय झालंय?"

"पापण्यांना केस नाहीत."

मी म्हटलं, काहीतरी ॲलर्जी असेल. नंतर हजेरीच्या निमित्ताने वर्गात जाऊन बघितलं. केंड्रा पुस्तकात डोकं घालून बसली होती आणि चिमटीत धरून पापणीचा उरलासुरला एकेक केस उपटत होती, कुणी स्वेटरवरचे गोळे काढावेत तसं. दोन्ही डोळे उघडेबोडके. मी बाहेर आले आणि हजेरीवर सगळे हजर असं लिहिलं.

त्याच शरदात बोर्डाने एक योजना काढली. मुलांची मनं खंबीर करायची, त्यांना आनंदात ठेवायचं. मी नाक मुरडलं, कारण बोर्डाच्या योजना मी पोत्याने बघितल्यात. पण या योजनेबरोबर मुलांची समुपदेशक म्हणून एक माणूस आला. मिस टोबिन. सव्वीस-सत्तावीसची पोर, सेंट जॉन्सहून नव्याने शिकून आलेली, दर मंगळवारी दहाच्या बोटीने यायची आणि तीनच्या बोटीने जायची. पहिल्या दिवशी बोट लागली म्हणून ती पांढरीफटक पडली होती आणि तरी हसत होती. मला ती तेव्हाच आवडली, पण मी तसं दाखवलं नाही.

मुख्याध्यापकाने तिला माझ्या शेजारची काचेची खोली दिली. पाच मंगळवार ती तिथे बसून राहिली. एक पोर फिरकलं नाही. कसं फिरकणार? एक्केचाळीस मुलांच्या शाळेत त्या खोलीत कोण बसलंय ते दुपारच्या आत गावभर झालं असतं. सहाव्या मंगळवारी हेवर्ड काच पुसायच्या निमित्ताने आत शिरला.

"मिस, रागावू नका. या काचेच्या पेटीत तुमच्याकडे आमचे पाद्रीसुद्धा येणार नाहीत."

"मग मी कुठे बसू, हेवर्डकाका?" गावातली मुलं त्याला काका म्हणतात, तसं तीही म्हणायला लागली होती.

"माझ्याकडे या. बॉयलरच्या खोलीत. ऊब असते, किटली आहे, आणि तिथे कोण ढुंकून बघत नाही."

मग दर मंगळवारी तो बॉयलरच्या खोलीकडे वळणाऱ्या बोळाच्या तोंडाशी ती पिवळी पाटी ठेवायला लागला, 'सावधान, फरशी ओली'. फरशी कोरडी ठणठणीत असायची. पाटी बघून बाकीची मुलं लांबून वळायची. ज्याला मिसकडे जायचं असेल ते पोर वर्गातून शौचालयाच्या नावाने निघायचं आणि पाटी ओलांडून जायचं. कोण गेलं ते हेवर्डला दिसायचं, पण त्याने कधी मलासुद्धा नाव सांगितलं नाही. मी आडून आडून पुष्कळ विचारलं.

केंड्राला मात्र त्याने स्वतः नेलं. पहिले तीन मंगळवार ती बोललीच नाही म्हणे. मिसने हेवर्डला विचारलं, "हिच्या हाताला काहीतरी काम द्यायला आहे का?" हेवर्डने घरून त्याची जाळं विणायची जुनी लाकडी सुई आणि दोऱ्याचा गुंडा आणला. पोरीला गाठ मारायला शिकवली आणि आपण बाहेर गेला. मग दर मंगळवारी केंड्रा जाळं विणायची, मिस शेजारी खोक्यावर बसायची. हात गाठीत अडकले की डोळ्यांकडे जात नसत. आणि हात कामात असले की तोंड सुटतं, हे आम्हा मच्छीमारांच्या बायकांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही. पोरगी बोलायला लागली. काय बोलली ते तिचं तिला ठाऊक आणि मिसला.

जानेवारीत हेवर्ड माझ्या टेबलावरची ट्यूब बदलायला शिडीवर चढला होता. वरूनच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "डाव्या डोळ्याला चार आलेत."

"काय चार?"

"केस. चार. मी मोजले."

मी खाली बघून टाइप करत राहिले, कारण मला रडू फुटलं असतं आणि त्याला शिडीवर अवघडल्यासारखं झालं असतं.

इथवर सगळं ठीक होतं. आता माझी करणी सांगते.

फेब्रुवारीत बोर्डाचं पत्र आलं. सगळ्या शाळांतल्या मुलांची पाहणी होणार. चोवीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. 'मला सकाळी शाळेत यावंसं वाटतं.' 'मला वाईट वाटलं तर मी त्यातून सावरतो.' असले प्रश्न. पत्र मी आधी वाचलं, मुख्याध्यापकाने नंतर. त्याच संध्याकाळी दुकानात दुधाचा डबा घेताना मी बोलून गेले, "बोर्ड पुन्हा काहीतरी मोजायला येतंय. गेल्या वेळी मोजलं तेव्हा पलीकडच्या बेटावरची शाळा बंद केली. पोरांनी रडगाणं गायलं की यांना निमित्तच मिळेल."

माझ्या जिभेला हाड नाही. आणि दुकानात एकदा पडलेली गोष्ट गावात जेवायच्या आत पोचते. आमच्याकडे शाळा बंद होणं म्हणजे गाव बंद होणं. पोरं बोटीने पलीकडे जाणार, मग आया त्यांच्यामागे जाणार, मग दिवे एकेक करून विझणार. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी ड्रोक हार्बरच्या प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर एकच शिकवण झाली. सगळ्याला पाच द्यायचे. परक्यासमोर रडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कागद गोळा करून पाकिटात भरायचं काम माझं. बघायचे नव्हते. बघितले. पाच, पाच, पाच, पाच. जिच्या बापाने पुन्हा बाटली धरली होती तिचे पाच. पहिलीतल्या पोराला आकडे नीट येत नाहीत, त्याने उलटे पाच काढले होते. आणि एक कागद जांभळ्या शाईचा. ते पेन मिसने केंड्राला नाताळात दिलं होतं. 'मला शाळेत मोकळेपणाने बोलता येईल असं कुणीतरी आहे', पाच. 'मला फार एकटं वाटत नाही', पाच. 'मी मजेत आहे', त्या पाचाभोवती तिने दोनदा गोल केला होता. मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. कशी गुणी पोरं आहेत आपली, असं वाटलं. मी पाकिटाला जीभ लावली, चिकटवलं आणि बोटीवर दिलं.

हेवर्ड दारात उभा होता. "झालं?"

"झालं. तुझ्या पोरीने तर कमाल केली."

"मीच सांगितलं तिला," तो म्हणाला. "म्हटलं, मिस यायला हवी असेल तर शाळा टिकली पाहिजे. आणि शाळा टिकायची असेल तर सगळ्याला पाच. ती म्हणाली, पॉप, पण ते खरं नाही. मी म्हटलं, खरं मिसला सांग, मंगळवारी. बोर्डाला कशाला?"

मला ते अगदी पटलं. त्याच्या बोलण्यात आजही मला चूक सापडत नाही.

मे महिन्यात उत्तर आलं. हार्दिक अभिनंदन. मुलांच्या मनाच्या खंबीरपणात ड्रोक हार्बरची शाळा अख्ख्या विभागात पहिली. सोबत एक लांब निळा कापडी फलक, सोनेरी अक्षरांचा, दर्शनी भागी लावण्यासाठी. खाली आणखी एक परिच्छेद होता. आपल्या मुलांची स्थिती इतकी समाधानकारक असल्यामुळे समुपदेशकांचा मंगळवार येत्या सप्टेंबरपासून अधिक गरज असलेल्या शाळेकडे वळवण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग हेवर्डला हाक मारली आणि वाचून दाखवलं. तो बराच वेळ काउंटरवरची धूळ पुसत राहिला. तिथे धूळ नव्हती.

"म्हणजे एक-एक लिहिलं असतं तर मिस राहिली असती?"

"असं दिसतंय."

"आणि शाळा?"

"शाळेचा काही विषयच नव्हता, हेवर्ड."

मिस टोबिनला कळलं तेव्हा ती माझ्या काउंटरशी उभी राहून रडली. तिने वरिष्ठांना सांगून बघितलं होतं, ते म्हणाले, आकडे तर वेगळंच सांगतायत. मी मुख्याध्यापकाकडे गेले तर तो फलक कुठे लावायचा ते बघत होता. शेवटी मीच बोर्डाला फोन केला. म्हटलं, पोरांनी खोटं लिहिलंय, आम्हीच शिकवलं होतं. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे शाळेने पाहणीत ढवळाढवळ केली असं तुम्ही नोंदवताय का? मग चौकशी लावावी लागेल." मी मूग गिळून गप्प बसले. सत्तावीस वर्षं माझं तोंड कुणी बंद केलं नव्हतं. त्या बाईला एक वाक्य पुरलं.

"पालकांपैकी कुणी बोलू इच्छित असेल तर मी ऐकून घेईन," असंही ती म्हणाली होती. मी हेवर्डला म्हटलं, तू बोल. तुझी नात आहे. तिला सगळं सांग. पापण्यांचं सांग, लॉरेनचं सांग. तो तयार झाला. दुसऱ्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून आला, फोनवर बोलायला. खिशात एक चिठ्ठी, मुद्दे लिहिलेली. मी नंबर लावला, त्याच्या हातात रिसीव्हर दिला आणि मुद्दाम स्पीकर चालू ठेवला.

"नमस्कार, मिस्टर पार्डी. कसे आहात आपण?"

"झकास," हेवर्ड म्हणाला.

आणि थांबला. चिठ्ठी हातात होती. मी खुणा करत होते, बोल, बोल.

"घरी सगळे कसे आहेत?" तिने विचारलं.

"झकास आहेत सगळे. तिकडे धुकं आहे का?"

मग दोन मिनिटं धुक्यावर बोलणं झालं. तिने आभार मानले, त्याने तिचे मानले, आणि फोन ठेवला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. अरे माणसा, जीभ काय गहाण ठेवली होतीस? त्याने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा घडी घातली, इतकी की तिची सुपारी झाली. मग फलक लावायला शिडी आणायला गेला. ते त्याचंच काम होतं. दाराच्या वर, बरोबर मध्यभागी, लेव्हल लावून त्याने तो ठोकला. रात्री घरी मला आठवलं, बोर्डाच्या बाईने पहिल्या फोनवर मलाही विचारलं होतं, कशा आहात, आणि मीही तेच म्हटलं होतं.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी केंड्राने मिसला जाळ्याचा विणून झालेला तुकडा दिला. धक्क्यावर आम्ही तिघं उभे होतो. मिस तिला म्हणाली, पत्र लिही. केंड्राने मान हलवली. बोट वळली तेव्हा हेवर्डने विचारलं, "बरी आहेस ना, बाळा?" ती म्हणाली, "झकास, पॉप." त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. समुद्राकडे बघत राहिला.

सप्टेंबरात शाळा उघडली. पहिल्या मंगळवारी मी बघते तर बोळाच्या तोंडाशी पिवळी पाटी. म्हटलं, हेवर्ड, सवयीने ठेवलीस वाटतं. तो म्हणाला, "पोरगी जाऊन बसते आत. बसू दे." मी एकदा हळूच डोकावले. केंड्रा मिसच्या खोक्यासमोर बसली होती. सुई मांडीवर होती, हात मांडीवर नव्हते. मी आत जायला हवं होतं. जाऊन काय बोलायचं ते मला येत नव्हतं. हेवर्डलाही येत नव्हतं. आम्हाला कुणी कधी शिकवलंच नाही, आणि जिला येत होतं तिला आम्ही बोटीत बसवून लावलं होतं.

ऑक्टोबरपर्यंत पापण्या गेल्या, आणि मग भुवयांची पाळी आली. नर्स म्हणाली, नाव यादीत घातलंय, मोठ्या गावातल्या डॉक्टरकडे चौदा महिन्यांनी नंबर लागेल.

नोव्हेंबरात एका दुपारी हेवर्ड एक पाकीट घेऊन आला. त्यावर त्याने पेन्सिलीने बोर्डाचा पत्ता लिहिला होता.

"हे पाठव. मला बोलता येत नाही, तर निदान बघू दे त्यांना."

"काय आहे यात?"

त्याने पाकीट उघडून आतली घडी काउंटरवर उलगडली. पांढरा कोरा कागद, आणि त्यावर केस. बारीक, करडे-तपकिरी, सगळे मिळून चिमूटभरही नाहीत. महिनाभर तिच्या बाकाखाली झाडताना तो सुपली वेगळी धरायचा आणि वेचून ठेवायचा.

"सोबत दोन ओळी लिही ना, हेवर्ड."

"काय लिहू?"

तो वाट बघत राहिला. मी पेन उचललं. खरंच उचललं होतं. आणि दोघंही त्या कागदाकडे बघत राहिलो. शेवटी त्याने घडी घातली, फार जपून, आणि मी पाकीट चिकटवून बोटीवर दिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छापील कागद. 'आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपलं पाकीट मिळालं, मात्र त्यात केवळ एक कोरा कागद आढळला. काही मजकूर पाठवायचा राहून गेला असल्यास कृपया पुन्हा कळवावे.'

मी ते ड्रॉवरमध्ये खाली घातलं, जुन्या हजेऱ्यांच्या खाली. तेवढ्यात हेवर्ड बादली घेऊन आला. मंगळवार होता.

"बोर्डाकडून आलं का काही?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"येईल," तो म्हणाला. मग कोपऱ्यातली पिवळी पाटी उचलून तो बोळाकडे गेला.